सुट्टी सिगारेट ओढणाऱ्याला पाकिटावरचा नंबर दिसणार कसा?

माननीय संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

३१ मे, म्हणजे जागतिक तंबाखूविरोधी दिन, जवळ आला की तुमच्या पेपरात तंबाखूवर अर्धं पान येतं. काळं पडलेलं फुप्फुस, कवटीचं चित्र, दोन-तीन डॉक्टरांचे फोटो आणि शेवटी ठरलेली ओळ, मनाचा निश्चय करा आणि आजच सिगारेट सोडा. यंदाचं पान मी अथपासून इतिपर्यंत वाचलं आणि वाचून खरंच वाईट वाटलं, कारण ज्याला सोडायचीय त्यानं उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं, कुठं जायचं, कुणाला फोन लावायचा, यातलं एक अक्षरही त्यात नव्हतं. म्हणून हे पत्र. लांबलंय माहितेय मला, हवं तर कापा, पण फोन नंबर आणि निकोटीन गमचा भाग तेवढा राहू द्या ही विनंती.

मी कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डिंगला आहे. वय ५२. बाविसाव्या वर्षी कामाला लागलो त्याच महिन्यात सिगारेट लागली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सुटली. २६ वर्षं. दिवसपाळीला बारा-पंधरा, रात्रपाळीला वीसपर्यंत जायची. २०२१ च्या दिवाळीनंतर सोडली, आणि ती सोडायची माझी सहावी वेळ होती. आधीच्या पाच वेळा फसलो ते का फसलो हे मला आत्ता कळतंय, तेव्हा कळत नव्हतं.

पहिल्यांदा सोडली लग्न ठरल्यावर, दोन महिने टिकली. मग मुलगी झाली तेव्हा, ती तीन आठवडे. तिसऱ्यांदा आमच्याच लाइनवरचा एक जण ४४ व्या वर्षी हार्ट अटॅकनं गेला, स्मशानातून येताना आम्ही चौघांनी शप्पथ घेतली, चौघंही पंधरा दिवसांच्या आत परत टपरीवर. चौथ्यांदा जोतिबाच्या डोंगरावर जाऊन देवापुढं सोडली, आणि ती जेव्हा मोडली ना तेव्हा सगळ्यात जास्त लाज वाटली, वर्षभर डोंगरावर गेलो नाही. प्रत्येक वेळी घरचे, मित्र, कामावरचे सगळे एकच म्हणायचे की तुझ्यात निश्चय नाही, आणि मलाही तेच खरं वाटायचं. साहेब, मी चौदाशे डिग्रीच्या लोखंडाशेजारी उभं राहून नोकरी केलेली आहे, आईच्या आजारपणात सलग दोन महिने रात्रपाळी करून दिवसा दवाखान्यात बसलोय. निश्चय कमी आहे असं म्हणणाऱ्याला मी काय सांगू? पण मनात ते घट्ट बसलं की आपण कमकुवत आहोत, आणि एकदा असं मनात बसलं की माणूस परत प्रयत्नच करत नाही. म्हणून तुमच्या पानातली ती 'मनाचा निश्चय'वाली ओळ मला बोचते. ती लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असणार, पण चार वेळा पडलेल्या माणसाला ती ओळ वाचून आधार वाटत नाही, तो पान उलटतो.

पाचव्या वेळेचं नीट सांगतो कारण त्यात एक गोष्ट आहे जी फार लोकांच्या बाबतीत होते. खोकला जाईना म्हणून एका दवाखान्यात गेलो, डॉक्टरांनी छाती तपासली, "सिगारेट बंद करा" म्हणाले, खोकल्याचं औषध लिहून दिलं, पाच मिनिटांत बाहेर. बंद कशी करू विचारायला तोंड उघडलं तर पुढचा पेशंट आत आला होता. मग कुणीतरी सांगितलं निकोटीनची गम मिळते, एका मेडिकलमधून आणली. त्यांनी पैसे घेतले, स्ट्रिप दिली, वापरायची कशी काही नाही. मी ती साध्या च्युइंगमसारखी कचाकचा चावली. घशात जाळ झाला, उचक्या लागल्या, पोटात मळमळायला लागलं, दोन दिवसांत स्ट्रिप फेकून दिली आणि सगळ्यांना सांगत सुटलो की त्या गममध्ये काही अर्थ नाही. म्हणजे इलाज हातात होता आणि वापरायची रीत माहीत नसल्यामुळं आणखी दोन वर्षं गेली माझी.

आता तो नंबर.

सिगारेटच्या पाकिटावर १ सप्टेंबर २०१८ पासून एक फोन नंबर छापणं सरकारनं सक्तीचं केलंय, १८००-११-२३५६. टोल फ्री आहे. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी लाइन आहे ही, २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली, पुढं आपल्या मुंबईचं टाटा मेमोरियल, बंगळुरूची मानसिक आरोग्याची संस्था निमहान्स वगैरे जोडले गेले. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर ते चित्र असतं आणि त्यातच हा नंबर. आता तुम्ही म्हणाल एवढा मोठा नंबर पाकिटावर असताना पेपरात छापायचा कशाला. तर साहेब, मी २६ वर्षांत अख्खं पाकीट विकत घेतलं असेल दहा-बारा वेळा, ते पण परगावी जाताना. बाकी सगळी सुट्टी. आमच्या गेटसमोरच्या टपरीवर हात पुढं केला की टपरीवाला पाकिटातून एक काढून हातात देतो, दोरीला लायटर बांधलेला असतोच, पेटवायची आणि निघायचं. पाकीट त्याच्याकडं, चित्र त्याच्याकडं, नंबर त्याच्याकडं. माझ्यापर्यंत फक्त सिगारेट येते.

सुट्ट्या सिगारेटी आणि बिड्या विकायला महाराष्ट्र सरकारनं २०२० च्या सप्टेंबरमध्ये बंदी घातली ती याच कारणानं, की सुट्टी घेणाऱ्याला सूचना दिसत नाही. चांगला निर्णय होता. पण आज आमच्या रस्त्यावर कुठल्याही टपरीवर जा, सुट्टीच मिळते, आणि कामगाराला, कॉलेजच्या पोराला सुट्टीच परवडते. मग त्या नंबरचा उपयोग ज्यांना सगळ्यात जास्त त्यांच्या डोळ्यांपुढं तो कधी येतच नाही.

मला तो कसा दिसला ते ऐका. एका रात्रपाळीला मेल्टिंगवाल्या पोरानं कागद सापडेना म्हणून रिकाम्या पाकिटाच्या आतल्या बाजूवर हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या खेपेचा नंबर, लिहून माझ्याकडं पाठवला. मी तो वहीत उतरवला आणि पाकीट उलटं केलं, तर त्यावर नंबर. निव्वळ योगायोग. ते पाकीट मी आठ दिवस खिशात ठेवलं, मग एका सुट्टीच्या दिवशी घराच्या गच्चीवर जाऊन फोन लावला. कुणी रागावेल, उपदेश करेल असं वाटत होतं. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात ओढता?" मी म्हटलं चूळ भरायच्या आधी. त्यांनी ते लिहून घेतलं. दिवसाला किती, आजारी असताना पण ओढता का, सिगारेट ओढायला मनाई असलेल्या ठिकाणी अवघड जातं का, असं विचारत गेल्या. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सिगारेटबद्दल असे प्रश्न विचारले की ज्यात माझी चूक काढायची नव्हती, आजार मोजायचा होता. शेवटी त्यांनी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तंबाखूमुक्ती केंद्र असतं तिथं जा म्हणून सांगितलं. माझ्या जिल्ह्यात असं काही आहे हे मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, दिल्लीच्या नंबरावरून कळलं.

मग मी त्या केंद्रात गेलो. तिथल्या मॅडमनी मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत लिहितो. सिगारेटचा झुरका मारला की दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं आणि बरं वाटतं. रक्तातलं ते प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, मेंदू परत मागायला लागतो, हात थरथरतो, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही, मग परत एक. रात्रभराची झोप झाली की शरीरातलं निकोटीन पार उतरलेलं असतं, म्हणून डोळे उघडताच ज्याला लागते त्याचं व्यसन जास्त खोल, अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर नुसत्या शप्पथेवर सोडणं फार कठीण. हे ऐकलं आणि जोतिबापुढं शप्पथ मोडल्याची जी लाज मी दहा वर्षं वाहत होतो ती थोडी हलकी झाली.

मग त्यांनी मला पॅच आणि गम दोन्ही लावलं. पॅच म्हणजे निकोटीनची चिकटपट्टी, सकाळी दंडावर किंवा पाठीवर लावायची, रोज जागा बदलायची, दिवसभर अंगात थोडं थोडं निकोटीन सोडते, आणि मोठ्या ताकदीवरून हळूहळू लहान ताकदीवर यायचं. मला २१ वरून १४ आणि मग ७ मिलिग्रॅमवर आणलं. पट्टीनं तळ सांभाळला जातो, पण मधेच जी जोराची तलफ उठते तिच्यासाठी गम. आणि गमची रीत त्यांनी समोर बसवून करून दाखवली. आठ-दहा वेळा हळू चावायची, जिभेला मिरीसारखं चुरचुरलं की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायची, चुरचुर गेली की परत थोडी चावायची, परत दाबायची, असं अर्धा तास. कारण औषध गालातून रक्तात जातं, गिळलं की वाया, वर उचक्या आणि जळजळ. आणि गमच्या आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक काही नाही, गम तोंडात असताना पण नाही, त्या आंबटपणानं औषध शोषलंच जात नाही. चहा पिऊन लगेच गम टाकणारा माणूस म्हणजे मीच होतो पाचव्या वेळी! २ मिलिग्रॅमची गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते, ४ ची डॉक्टरनं लिहून दिली तरच, आणि पहाटे उठताच लागणाऱ्याला बहुतेक ४ चीच लागते. मी २ ची कचाकचा चावून काही होत नाही म्हणत होतो.

हे एवढं तुम्ही छापलंत तरी खूप झालं साहेब, खरंच सांगतो, कारण माझ्यासारखे गम फेकून दिलेले किती तरी भेटतात मला.

गोळ्या पण असतात. बुप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन ही नावं त्यांनी सांगितली, माझ्या एका सहकाऱ्याला व्हॅरेनिक्लिन दिली होती आणि त्याचं काम झालं. ह्या सिगारेट चालू असतानाच सुरू करतात, आठवडाभरानं सोडायची तारीख. पण ह्या आपल्या मनानं घ्यायच्या नाहीत, फिट येणाऱ्याला बुप्रोपिऑन अजिबात चालत नाही, किडनी, गरोदरपण, बाकीची औषधं सगळं डॉक्टरला सांगूनच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ च्या जुलैमध्ये तंबाखू सोडवायच्या उपचारांवर मार्गदर्शन काढलं त्यात निकोटीनची गम-पट्टी आणि ह्या गोळ्या दोन्हींची शिफारस आहे, आणि सोबत समुपदेशन. म्हणजे हे काही टीव्हीवरच्या जाहिरातीतलं चूर्ण नाही. तसली 'सात दिवसांत व्यसन गायब' वाली चूर्णं, गुपचूप जेवणात घाला वगैरे, त्यांच्या जाहिराती पेपरात येतात त्याबद्दल पण कधीतरी विचार करा, एवढंच म्हणतो.

तारीख ठरवायला लावली मॅडमनी, दहा-पंधरा दिवसांच्या आतली. त्या दिवसांत तयारी करायची. मी काय केलं, घरातले लायटर दिले टाकून, जॅकेट-चादरी धुवून घेतल्या, आणि टपरीवरची उधारी चुकती केली. हे उधारीचं कुणी सांगत नाही पण ते फार महत्त्वाचं आहे, कारण खातं चालू असलं की खिशात पैसे नसले तरी सिगारेट मिळते, आणि खातं मिटवायला गेलं की टपरीवाला पण विचारतो काय झालं. मी त्याला सरळ सांगितलं, बाबा सोडतोय, मी मागितली तरी देऊ नकोस. तो हसेल वाटलं होतं. तो म्हणाला, "दादा, येत जावा की चहाला, सिगारेट नाही देत." आणि खरंच दिली नाही, दोनदा मागितली होती मी. पहिले पंधरा दिवस तर मी त्या गेटनंच गेलो नाही, मागच्या गेटनं लांबून वळसा घालून जायचो.

पहिले तीन दिवस वाईट असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त, नंतर उतरत जातो, दोन ते चार आठवड्यांत बराच निवळतो. हे आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही. आधीच्या वेळी मला वाटायचं की हे असंच जन्मभर राहणार, मग कशाला एवढं सोसायचं. एकेक तलफ म्हणजे फार तर पाच-दहा मिनिटं असते, तेवढी ढकलायची, पाणी प्यायचं, दीर्घ श्वास घ्यायचे, हाताला काम द्यायचं. मी खिशात बडीशेप, लवंग आणि भाजलेले हरभरे ठेवायचो. सुपारी नको म्हणाल्या मॅडम, ती स्वतःच तोंडाच्या कॅन्सरला कारण आहे.

आणखी दोन-तीन गोष्टी, ज्या कुणी उघड बोलत नाही. एक म्हणजे सकाळचं पोट. सिगारेट ओढल्याशिवाय संडासला होत नाही अशी सवय कित्येकांची असते, माझीही होती, आणि सोडल्यावर खरंच आठ-दहा दिवस पोट धरतं. निव्वळ या एका कारणानं परत सुरू केलेले लोक मला माहितेत. गरम पाणी, रात्री इसबगोल, भाकरी-पालेभाजी जास्त, आणि सकाळी अर्धा तास चालणं, एवढ्यानं माझं जमलं. दुसरं, खोकला सुरुवातीला वाढतो, कफ सुटायला लागतो. सोडल्यावर तब्येत बिघडली असं वाटतं, पण ती छाती साफ होत असते. रक्त पडलं किंवा खोकला लांबला तर मात्र डॉक्टरला दाखवायचं. तिसरं, चहा-कॉफी. सिगारेटच्या धुरामुळं शरीर कॅफीन भराभर संपवतं, सिगारेट बंद झाली की तेवढ्याच चहा-कॉफीचं कॅफीन अंगात जास्त वेळ राहतं, मग धडधड, झोप नाही, अस्वस्थ वाटतं, आणि आपण समजतो सिगारेट मागतंय शरीर. मी आठ कप चहा पीत होतो, चारवर आणला, रात्रपाळीला दोनच. वजन वाढतं, माझं पाच किलो वाढलं, वर्षभरात तीन उतरलं. त्याची फार काळजी करू नये.

सहाव्या आठवड्यात मी एक ओढली. भावकीत मयत झालं होतं, रात्रभर बसलो होतो, कुणीतरी पुढं केली आणि घेतली. सकाळी उठून वाटलं संपलं, गेलं सगळं, आता काय अर्थ. आधी प्रत्येक वेळी इथंच सगळं बुडालं होतं, एक ओढली की "मोडलीच आहे तर" म्हणून दुसरी. या वेळी केंद्रातल्या मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या एक झाली तर एकच झाली, चाळीस दिवस कुठं गेले नाहीत, कुठं होता, कोण होतं, किती वाजले होते ते सांगा, परत अशी वेळ आली तर काय कराल ते ठरवू. तेव्हापासून मयताला, लग्नाला, गणपतीच्या मिरवणुकीला मी गम खिशात घेऊन जायला लागलो आणि सिगारेटवाल्यांच्या घोळक्यात उभा राहत नाही. त्यानंतर आजपर्यंत एकही नाही. गम सुटली चौथ्या महिन्यात, पण स्ट्रिप मात्र अजून वर्षभर खिशात होती.

घरच्यांसाठी पण लिहितो थोडं. आधी मी सोडली की बायको म्हणायची, "बघू किती दिवस टिकतंय." तिचं चूक नव्हतं, पाच वेळा बघितलं होतं तिनं. पण मॅडमनी तिला एकदा सोबत बोलावलं, त्यानंतर तिनं कॅलेंडरवर रोज रात्री टिंब करायला सुरुवात केली, बोलायची काही नाही, फक्त टिंब. पहिल्या आठवड्यात मी घरात भांडलो, ताट सरकवलं, मुलीवर ओरडलो, तेव्हा तिनं उलट उत्तर दिलं नाही, मुलीला म्हणाली पप्पा आजारी आहेत दहा दिवस. त्या एका वाक्यानं मी सावरलो. ज्यांच्या घरात कुणी सोडत असेल त्यांना हात जोडून सांगतो, टोमणे मारू नका, खिसे तपासू नका, तोंडाचा वास घेऊ नका. चिडचिड ही त्या माणसाची नसते, उतरत्या निकोटीनची असते, आणि ती जाते.

"कमी केलीय" म्हणणारे फार असतात, वीसची पाचवर आणली वगैरे. मी पण केलंय ते. माणूस मग तीच सिगारेट जास्त खोल ओढतो, शेवटपर्यंत ओढतो. आणि हृदयाचं गणित तर फार वाईट आहे, दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही हार्ट अटॅकचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या साधारण निम्मा राहतो, विसावा हिस्सा होत नाही. कमी करणं ही शून्याकडं जायची पायरी असेल तर ठीक, मुक्काम करू नका तिथं. तसंच सिगारेट सोडून तोंडात तंबाखू धरणं. आमच्याकडं हे सर्रास होतं, कामाच्या जागी धूर दिसत नाही, चुन्याची डबी खिशात मावते. २०१६-१७ च्या सरकारी सर्व्हेप्रमाणं महाराष्ट्रात मोठ्या माणसांत धूम्रपान करणारे शंभरात चार पण नव्हते, तोंडातून तंबाखू घेणारे चोवीस होते. तो नंबर आणि ती केंद्रं त्यांच्यासाठी पण आहेत, मशेरी लावणाऱ्या आया-बहिणींसाठी पण. नवीन पोरांकडं ई-सिगारेट दिसते, ती तर २०१९ पासून देशात बंद आहे, लपवून आणतात, आणि त्यातही निकोटीनच.

वय झालं आता सोडून काय उपयोग, असं आमच्या रिटायरमेंटला आलेल्या लोकांचं म्हणणं. इंग्लंडमध्ये १९५१ पासून पन्नास वर्षं डॉक्टर लोकांचाच अभ्यास केला होता, रिचर्ड डॉल म्हणून शास्त्रज्ञ होते त्यांनी. त्यात निघालं की तिशीत सोडली तर साधारण दहा वर्षं आयुष्य वाचतं, चाळीसला नऊ, पन्नासला सहा, आणि साठाव्या वर्षी सोडली तरी तीन. तीन वर्षं म्हणजे नातवाची शाळा सुरू झालेली बघायला मिळते साहेब. ४४ व्या वर्षी गेलेल्या माझ्या त्या सहकाऱ्याला मुलीचं लग्न बघायला मिळालं नाही, ते मी विसरू शकत नाही. सोडल्यावर वीस मिनिटांत नाडी खाली यायला लागते, एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघून जातो, वर्षभरात हृदयाचा वाढलेला धोका निम्म्यावर. आमचा भट्टीचा धंदा, कार्बन मोनॉक्साइड काय चीज आहे ते आम्हाला कुणी शिकवायला नको, तरी आम्ही तो पैसे देऊन ओढत होतो.

आता तुमच्याकडं मागणं. तुमच्या पेपरात रोज सोन्या-चांदीचा भाव येतो, गुळाचा सौदा येतो, धरणातलं पाणी येतं, पंचांग येतं. त्याच्या शेजारी दोन ओळींची चौकट रोज द्या, वर्षातून एक दिवस नको, रोज. त्यात १८००-११-२३५६ हा नंबर आणि आपल्या जिल्ह्यातलं तंबाखूमुक्ती केंद्र कुठल्या दवाखान्यात, कुठल्या मजल्यावर, कुठल्या वारी, किती ते किती. प्रत्येक आवृत्तीत त्या त्या जिल्ह्याचं. तुमच्या तालुक्याच्या बातमीदारांनी एकदा जाऊन बघून आलं तरी माहिती गोळा होईल, आणि एखाद्या ठिकाणी केंद्र फक्त बोर्डावर असेल तर ती बातमी पण होईल. दुसरं, ३१ मेच्या पानावर एखादा चौथाई भाग सोडलेल्या माणसांना द्या, रिक्षावाले, गवंडी, कंडक्टर, आमच्यासारखे, कितव्या वेळी सुटली आणि काय वापरलं एवढंच त्यांनी सांगावं. आणि कारखान्यांच्या मालकांना, युनियनवाल्यांना तुम्ही लिहिलंत तर ते ऐकतील, की केंद्रात जायला महिन्यातून अर्धा दिवस पगारी सुट्टी द्या. मला चार फेऱ्या माराव्या लागल्या, चारही वेळा रजा टाकून गेलो.

आमच्या पाळीतले तिघं जण सध्या सोडायला तयार झालेत. मी त्यांना नंबर तोंडी सांगितलाय, पण तोंडी सांगितलेला कोण लक्षात ठेवतो. कॅन्टीनमध्ये तुमचाच पेपर येतो आणि जेवणाच्या सुट्टीत हातोहात फिरतो. चौकट छापून आली की मी त्याचं कात्रण काढून गेटजवळच्या नोटीस बोर्डावर लावणार आहे, आणि टपरीवाल्याला विचारून ठेवलंय, जिथं लायटरची दोरी बांधलीय त्याच खांबाला तो एक चिकटवून घेणार आहे.

आपला नम्र,
एक फौंड्री कामगार, कोल्हापूर